लोअर केलेल्या पोलो जीटी टीएसआयला १७ इंची अलॉय: ईटी ३० चालेल का?

एमएच१३_टर्बो
नमस्कार मंडळी. गाडी २०१४ ची पोलो जीटी टीएसआय. ३५ मिमी खाली आणणाऱ्या स्प्रिंग बसवल्यात, शॉकअप कंपनीचेच. चाकं अजून मूळचीच: ६जे × १५ (६ इंच रुंद, १५ इंच व्यासाची रिम), ईटी ४० (ऑफसेट: हबला टेकणारा भाग रिमच्या मध्यापासून ४० मिमी बाहेर), टायर १८५/६० आर१५ (नावापुरती रुंदी १८५ मिमी, साइडवॉल तिच्या ६० टक्के). आता पुण्याहून १७ × ७.५, ईटी ३० अलॉय मागवायचा विचार आहे, त्यावर २०५/४० आर१७. चाक फेंडरच्या कडेला अगदी बरोबरीत दिसावं एवढीच इच्छा. वापर: रोज जुळे सोलापूर ते चिंचोळी एमआयडीसी, शिवाय चार माणसं आणि सामान घेऊन पुणे. घासेल का? फेंडर रोल करावे, म्हणजे त्यांची आतली कड वर वाकवावी लागेल का?

ओळंबा
हिशोब मांडू या. रिमची अर्धी रुंदी वजा ईटी म्हणजे हबपासून बाहेरचा भाग, अर्धी रुंदी अधिक ईटी म्हणजे आतला. सध्या ७६ − ४० = ३६ मिमी बाहेर. ७.५ इंची ईटी ३० ला ९५ − ३० = ६५. म्हणजे रिमची कड २९ मिमी बाहेर सरकणार.

पण घासतो टायर, आणि त्याचा हिशोब वेगळा निघतो. १८५/६० हा ६जे वर साधारण १९४ मिमी रुंद भरतो, २०५/४० हा ७.५ वर साधारण २१२. फरक १८, म्हणजे प्रत्येक बाजूला ९, त्यात ईटीमधला फरक १० मिळवा. साइडवॉल १९ मिमी बाहेर. आत मात्र उलट १ मिमी जागा वाढते, शॉकअपकडून अडचण नाही. रिम २९ आणि टायर १९, याचा अर्थ फुटपाथला आधी अलॉय लागणार.

मागवण्याआधी हे मोजाच. गाडी सपाट जागी, मागे दोन माणसं बसवून. फेंडरच्या कडेवरून, चाकाच्या मध्यावर, ओळंबा सोडा आणि दोरीपासून सध्याच्या टायरच्या सर्वात फुगीर भागापर्यंतचं अंतर मोजा. चारही चाकांना, कारण डावं-उजवं क्वचितच सारखं असतं. १९ मधून हे अंतर वजा केलं की टायर किती बाहेर डोकावेल ते कळेल. बाहेर आलेला टायर खड्ड्यात वर उचलला गेला की फेंडरची आतली कड थेट त्याच्या खांद्यावर बसते. पुढे स्टेअरिंग पूर्ण वळवून लायनर (चाकाच्या वरचं प्लास्टिकचं आतलं आवरण) आणि बंपर जोडणारे स्क्रूसुद्धा बघा.

रोल करायचंच असेल तर रंग हीट गनने गरम केल्याशिवाय कडेला हात लावू देऊ नका. थंड पत्रा वाकवला की रंगाला बारीक तडे जातात, पावसाळ्यात आत पाणी शिरतं आणि गंज कडेपासून वर चढतो.

होटगीरोड
माझा विरोध ईटीपेक्षा टायरला आहे. १८५/६० ची साइडवॉल १११ मिमी, २०५/४० ची ८२. आपल्याकडे ऊस हंगामात ट्रॉल्यांनी खचलेले रस्ते, न रंगवलेले स्पीडब्रेकर आणि काँक्रीटच्या कडेला पडलेली पायरी. तिथे ८२ मिमीत टायर चिमटून साइडवॉलला फुगा येतो. असा टायर पंक्चरसारखा दुरुस्त होत नाही, फेकावाच लागतो.

दुसरं, लोड. मूळ टायरवरचा लोडचा आकडा ८४, म्हणजे एका टायरला ५०० किलो. २०५/४० आर१७ बहुतेक ८४ एक्सएल (एक्स्ट्रा लोड) असतो. आकडा तोच, पण ते ५०० किलो त्याला जास्त हवेवरच पेलतात. जुन्याच पीएसआयवर चालवलात तर भरल्या गाडीत टायर आतून तापतो, आणि मे महिन्यात सोलापूरचं डांबर आधीच भाजत असतं.

माझ्या मते १६ × ६.५, ईटी ४० आणि २०५/५० आर१६ ८७. साइडवॉल १०२, लोड ५४५ किलो. टायर दोन्ही बाजूंना सुमारे १० मिमी वाढतो, व्यास ६०३ वरून ६११ मिमी, म्हणजे स्पीडोमीटरमध्ये दीड टक्क्याच्या आत फरक. टायर आणि फेंडरमधला वरचा गॅप ४ मिमी कमी होईल.

एमएच१३_टर्बो
दोघांचेही आभार. हिशोब पटला. पण १७ ची हौस आहेच, त्यातल्या त्यात काय घेता येईल? आणि मागच्या चाकांना १० मिमी स्पेसर लावले तर?

ओळंबा
१७ × ७, ईटी ३८, २०५/४५ आर१७ ८८ एक्सएल. हा टायर ७ इंचावर साधारण २०६ मिमी भरतो, त्यामुळे बाहेर फक्त ८ आणि आत ४ मिमी. साइडवॉल ९२. व्यास ६१६, म्हणून वर साडेसहा मिमी जागा जाते. ३५ च्या ड्रॉपवर ती मोजून घ्या. रोलिंग बहुधा टळेल. तरी रस्त्याच्या मुद्द्यावर होटगीरोड यांचंच बरोबर आहे, मीही १६ च सुचवीन.

स्पेसर म्हणजे हब आणि चाकामध्ये घालायची चकती, म्हणजे ईटीच कमी करणं: ३८ चा २८ होतो. लावलेत तर बोल्ट तेवढेच लांब हवेत. एम१४ × १.५ चा बोल्ट हाताने किमान ९ फेरे गेला पाहिजे.

पान्हा_चौदा
बोल्टवरच बोलतो, कारण इथेच चाकं निखळतात. पोलोचा पीसीडी (बोल्टच्या वर्तुळाचं माप) ५ × १००, म्हणजे १०० मिमी वर्तुळावर पाच बोल्ट, मधलं भोक ५७.१ मिमी. बाहेरच्या अलॉयचं भोक बहुतेक ७३.१ असतं, मधली मोकळी जागा भरायला हब रिंग लागते. ॲल्युमिनियमची घ्या. प्लास्टिकची ब्रेकच्या उष्णतेने मऊ पडते, चाक मध्यावर बसत नाही आणि ऐंशीच्या पुढे स्टेअरिंग थरथरतं. दुकानदार मग बॅलन्सिंग परत परत करत बसतो.

मूळ बोल्टचं डोकं खाली गोलाकार असतं, बाहेरच्या अलॉयला बहुतेक ६० अंशांचा कोन लागतो. गोल बोल्ट कोनात घट्ट वाटतो, पण कडेपुरताच टेकलेला असतो आणि हळूहळू ढिला होतो. १२० न्यूटन मीटरवर टॉर्क रेंचने, ताऱ्याच्या क्रमाने आवळा, न्यूमॅटिक गनने नाही. १०० किमीनंतर परत तपासा.

अलाइनमेंट स्प्रिंग बसल्यावर, साधारण ५०० किमीनंतर. खाली आलेल्या गाडीत टो (चाकं समोरून आत-बाहेर वळलेली असण्याचं माप) बिघडतो आणि टायरची आतली कड गुपचूप संपते, वरून नक्षी नवी दिसते. मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध आडवा दांडा) आहे, तिथे फारसं काही जुळवता येत नाही.

फेंडरबाहेर आलेला टायर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकू शकतो, आणि बदल विमा कंपनीला कळवलेला नसेल तर क्लेमला अडचण होते.

एमएच१३_टर्बो
ठरलं, १६ × ६.५, ईटी ४०. स्टेपनी जुनी १५ इंची स्टीलचीच ठेवली तर चालेल ना?

पान्हा_चौदा
चालेल. व्यासात ८ मिमीचाच फरक आहे, पंक्चरच्या दुकानापर्यंत काही होत नाही. पण स्टीलच्या रिमला गोल डोक्याचेच बोल्ट लागतात, म्हणून मूळचे पाच बोल्ट पिशवीत घालून स्टेपनीच्या खळग्यात ठेवा. टायर घेताना साइडवॉलवरचे चार आकडे वाचा: २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा.

होटगीरोड
हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी तपासत जा. दुपारी तापलेल्या टायरमध्ये तीन-चार पीएसआय जास्त दिसले म्हणून काढू नका.