गणपतराव देशमुखांचे 11 विजय आणि 2 पराभव

माणकाठ (मूळ लेख)

दर 30 जुलैला, गणपतराव देशमुखांच्या स्मृतिदिनी, आमच्याकडच्या ग्रुपवर एक मजकूर फिरतो. सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्यातून सलग 11 वेळा निवडून आलेले, देशात असा दुसरा आमदार झाला नाही, वगैरे. यातला 11 हा आकडा बरोबर आहे. ‘सलग’ चूक, आणि ‘दुसरा नाही’ हेही चूक. आबांबद्दल (गणपतरावांना आम्ही आबा म्हणतो) कुणी असं वाढवून सांगितलं की मला वाईट वाटतं, कारण खरा हिशेब त्या मजकुरापेक्षा मोठा आहे.

1962 ला शेतकरी कामगार पक्षाकडून (शेकाप) पहिल्यांदा आमदार. 1967 ला पुन्हा. 1972 ला पडले. 1974 च्या पोटनिवडणुकीत परत आले. मग 1978, 1980, 1985, 1990 अशा चार निवडणुका ओळीनं जिंकल्या. 1995 ला पडले, अवघ्या 192 मतांनी. त्यानंतर 1999, 2004, 2009, 2014. 2019 ला नव्वदी ओलांडल्यावर उभे राहिले नाहीत. 1962 पासून 13 लढती, 11 विजय, आणि मधली घरी बसलेली वर्षं वजा केली तर सभागृहात साधारण 50 वर्षं.

आता ते दोन पराभव बघा. 1972 ला बांगलादेश युद्धानंतरची काँग्रेसची लाट होती, 270 पैकी 222 जागा त्यांच्या. त्या लाटेत भलेभले वाहून गेले. 1995 चं उलटं झालं. राज्यात काँग्रेस 80 जागांवर आली, युतीचं सरकार बसलं, आणि सांगोल्यात मात्र काँग्रेसच्या शहाजीबापू पाटलांनी आबांना पाडलं. पक्ष बदलायचा तर दोन्ही वेळा निमित्त हाताशी होतं. शेकाप काढणारे केशवराव जेधे आणि शंकरराव मोरेच काँग्रेसमध्ये परत गेले होते, मग एका तालुक्याच्या आमदाराला कोण नावं ठेवणार होतं? आबा गेले नाहीत. त्याच लाल बावट्याखाली पुन्हा गावोगाव फिरले आणि त्याच लोकांकडे मत मागितलं.

माझं म्हणणं असं की हे दोन पराभव झाकून ठेवण्यासारखे नाहीत, मजकुरात पहिल्या ओळीत यायला हवेत. ज्याला तालुक्यानं दोनदा घरी बसवलं, त्याला 11 वेळा दिलेलं मत सवयीनं दिलेलं नव्हतं.

उजवा कालवा

माणकाठ दादा, हिशेब चोख मांडलात, पण आमदाराचा हिशेब मतपेटीत सुरू होऊन मतपेटीतच संपतो का? मी सांगोला तालुक्यातलाच आहे. 2013 ला आमची चार जनावरं छावणीत होती. 2019 ला पुन्हा छावणीत. वडील रात्री छावणीतच झोपायचे, आई सकाळी भाकरी बांधून द्यायची, आणि टँकर येणार म्हटलं की शाळेला दांडी मारून मी हंड्यांच्या रांगेला. हे 1972 चं सांगत नाही, आबा दहाव्यांदा आणि अकराव्यांदा आमदार होते तेव्हाचं सांगतोय.

जवळजवळ सगळी हयात विरोधी बाकावर घालवली की पाणी उशिरा येतं, हे मान्य करायला एवढं अवघड का जातं? शेजारच्या तालुक्यांत साखर कारखाने, बारमाही कालवे कधी आले आणि आपल्याकडे कधी आले ते बघा. कृष्णेचं पाणी उचलून आणणारी टेंभू योजना 1996 ला मंजूर झाली. तिचं पाणी आपल्या शेवटच्या गावांपर्यंत यायला दोन दशकं लागली. साधेपणाबद्दल मला आदरच आहे. आमदार एसटीनं फिरले म्हणून माझ्या विहिरीला पाणी आलं नाही.

गिरणीची शिफ्ट

उजवा कालवा दादा, तुमचं दुःख खोटं नाही. पण सांगोल्यात फक्त टँकरच होता असं म्हणू नका.

माझे वडील सांगोल्याच्या शेतकरी सहकारी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर सायडर, म्हणजे तुटलेले धागे जोडणारे कामगार होते. रात्रपाळी करून आले की त्यांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या, कानातसुद्धा कापूस. आई आधी ओल्या फडक्यानं तोंड पुसायची आणि मग चहा. दर महिन्याला पगार ठरल्या दिवशी. दुष्काळी गावात ‘ठरल्या दिवशी’ या दोन शब्दांची किंमत काय असते ते तिथं वाढलेल्यालाच कळतं. आम्ही दोघी बहिणी त्या पगारावर शिकलो. आमच्या गल्लीतली कितीतरी घरं ऊसतोडीला जायची थांबली.

ज्या तालुक्यात कापूस पिकत नाही तिथं आबांनी सूतगिरणी उभी केली आणि ती चालवून दाखवली. राज्यातल्या किती सहकारी गिरण्या कर्जात बुडून भंगारात गेल्या ते आठवा. विरोधी बाकावरचा आमदार म्हणजे रिकाम्या हाताचा आमदार, हे मला पटत नाही.

आकडेमोड

‘दुसरा नाही’ याबद्दल. केरळमध्ये के. एम. मणी पाला या एकाच मतदारसंघातून 1965 पासून 13 वेळा जिंकले. ओमन चंडी पुथुप्पल्लीतून 1970 पासून सलग 12 वेळा. करुणानिधी 13 वेळा, एकदाही न हरता, मात्र मतदारसंघ बदलत. त्यामुळे देशाचा विक्रम म्हणून मजकूर पाठवणं बंद करावं. महाराष्ट्रात मात्र 11 ला तोड नाही. बाळासाहेब थोरात संगमनेरमधून 1985 पासून ओळीनं 8 वेळा आले आणि 2024 ला पडले, यावरून 11 म्हणजे किती ते समजेल.

दुसरा आकडा माणकाठ यांनी दिलेला नाही, तो मी देतो. शेकापचे आमदार 1967 ला 19 होते. 1978 ला 13. 1990 ला 8. 1999 ला 5. 2014 ला, म्हणजे आबांच्या शेवटच्या विजयाच्या वेळी, 3. आबा जिंकत राहिले आणि पक्ष आटत गेला. पक्षनिष्ठेचं कौतुक करताना हा उतारही त्याच पानावर लिहायला हवा. 50 वर्षं ज्येष्ठ राहिलेल्या नेत्याकडे सांगोल्याबाहेरच्या पडझडीचा काहीच जाब नाही का?

माणकाठ

आकडेमोड, हा मुद्दा मला टोचला, आणि खरा आहे म्हणूनच टोचला. पक्ष वाढवणं आबांना जमलं नाही. रायगड आणि सांगोला अशी दोन बेटं उरली आणि मधलं सगळं वाहून गेलं. यात इतरांचाही वाटा आहे, पण तुमचा प्रश्न मी टाळणार नाही.

पाण्याबद्दल मात्र बोलायचंच आहे. उजवा कालवा, टेंभू 1996 ला मंजूर झाली, ती कुणाच्या रेट्यानं? बच्छावत लवादानं कृष्णेचं 560 टीएमसी पाणी महाराष्ट्राला दिलं होतं आणि ते 2000 सालापर्यंत अडवलं नाही तर फेरविचारात हातचं जाईल अशी धास्ती होती. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडींनी आटपाडीत 13 दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद उभी केली. आटपाडी, सांगोला, जत, खानापूर, कवठेमहांकाळ इथली माणसं ट्रकात बसून यायची, स्वतःची भाकरी बांधून. आबा त्या परिषदेच्या पहिल्या फळीत होते. कऱ्हाडजवळ कृष्णेतून पाणी उचलून टप्प्याटप्प्यानं वर चढवायचं आणि माणदेशात आणायचं, ही कल्पना सत्तेतल्या माणसाच्या डोक्यातून आलेली नाही. ती या परिषदेनं मुंबईवर लादली. पाणी उशिरा आलं हे शंभर टक्के खरं. पण परिषद नसती तर ते आलंच नसतं, असं मी म्हणेन.

लाल माती

एक गोष्ट कुणीच बोलत नाही म्हणून लिहितो. सांगोल्यात धनगर समाजाची मोठी मतं आहेत आणि आबा त्याच समाजाचे. बाहेरचे लोक सरळ म्हणतात, जातीवर निवडून येत होते, विचार वगैरे नंतर.

गिरणीची शिफ्ट

लाल माती, मग 1972 ला समाज कुठं गेला होता? 1995 ला कुठं गेला? तालुका तोच, घरं तीच, उमेदवार तोच. समाजाचा पाठिंबा होता, कोण नाही म्हणतंय. पण तेवढ्यावर 11 वेळा येता येत असतं तर 13 च्या 13 आले असते. आमच्या गल्लीत आबांचं काम करणारे मराठा होते, माळी होते, रामोशी होते. वडिलांच्या पाळीत कोण कुठल्या समाजाचा हे विचारून कामाला घेतलेलं मी ऐकलं नाही.

नवा मतदार

मी सत्तावीस वर्षांचा आहे. सांगोला म्हटलं की बाहेरच्या माझ्या मित्रांना शहाजीबापूंचा 2022 चा गुवाहाटीहून केलेला फोन आठवतो, आणि आबांचं नाव सांगितलं तर ‘कोण?’ म्हणतात. त्यामुळे हा धागा वाचून बरं वाटलं. तरी एक विचारतो. 2019 ला आबा थांबले तेव्हा उमेदवारी नातू अनिकेत देशमुखांना मिळाली. ते शहाजीबापूंकडून 768 मतांनी पडले. 2024 ला दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख उभे राहिले आणि 25 हजारांवर मतांनी जिंकले. विधानसभेत आज शेकापचा तो एकच आमदार. शेतकऱ्या-कामगारांच्या पक्षाला इतक्या वर्षांत आडनाव देशमुख नसलेला एक कार्यकर्ता सांगोल्यात पुढे आणता आला नाही? दुसऱ्या पक्षांतली घराणेशाही आम्ही शिव्या देऊन मोजतो, मग इथं गप्प का बसायचं?

माणकाठ

गप्प बसू नये. आबा हयातीत मुलाबाळांना पदांवर बसवत बसले नाहीत हे खरं असलं, तरी वारस ठरवायची वेळ आली तेव्हा तालुका घरातच शोधत बसला. यात माझ्यासारख्या कार्यकर्त्यांची चूक जास्त आहे. आम्ही त्यांच्या मागे चालण्यात समाधान मानलं, कुणी पुढे व्हायची तयारी केली नाही. 192 आणि 768 हे दोन आकडे माझ्या डोक्यातून जात नाहीत. एवढ्या थोड्या फरकानं हरणं म्हणजे तीन-चार वाड्यांवर आम्ही शेवटच्या दिवशी पोचलो नाही.

खडीवरची पोर

मी थोरली माणसं बोलताना ऐकलेलं सांगते. माझी आजी 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला होती. मांडीखाली पोतं, हातात हातोडी, आणि पोटाला सुकडी आणि मिलो. रोजगार हमीचा कायदा 1977 ला झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. तेव्हा शरद पवारांचं पुलोदचं (पुरोगामी लोकशाही दल) सरकार होतं आणि आबा पहिल्यांदा मंत्री होते. दुसऱ्यांदा मंत्री झाले 1999 ला, विलासरावांच्या मंत्रिमंडळात, तेव्हा पणन आणि रोजगार हमी त्यांच्याकडं होती. मंत्रिपदाच्या शर्यतीत लोक गृह मागतात, महसूल मागतात. दुष्काळी तालुक्याच्या माणसाकडं रोजगार हमी आली याचं आमच्या घरी अप्रूप होतं. आजी म्हणायची, ज्यानं खडी बघितलीय त्याच्याकडं हजेरीपुस्तक गेलं.

आकडेमोड

ताई, हे मला माहीत नव्हतं. पण दोन्ही मंत्रिपदं मिळून फार थोडी वर्षं भरतात. पुलोद सरकार फेब्रुवारी 1980 ला बरखास्त झालं, आणि 1999 नंतरचं मंत्रिपदही पुरी पाच वर्षं टिकलं नाही. सत्तेत अजून राहिले असते तर कदाचित उजवा कालवा यांची तक्रार निम्मी झाली असती. मी माझ्या मताला धरून आहे.

उजवा कालवा

सगळ्यांचं वाचलं. पाणी परिषदेबद्दल माणकाठ बोलले ते बरोबर आहे, माझे चुलते त्या ट्रकात असायचे. पण आधी लिहिलं त्यातला शब्द मागे घेत नाही. पाणी उशिरा आलं आणि त्यात माझ्या वडिलांची उमेद गेली. पाणी आलं म्हणून डाळिंब लावलं, तर तेल्या आणि खोडकिड्यानं बाग उपटावी लागली, तो भाग वेगळा.

एक मात्र सांगतो. घरी हे सगळं वाचून दाखवलं तेव्हा वडील म्हणाले, त्या 192 मधलं एक माझं होतं. 1995 ला पाण्याच्या रागानं त्यांनी आबांच्या विरोधात मत दिलं होतं, इतक्या वर्षांत आम्हाला कधी सांगितलं नाही. 1999 ला परत आबांनाच दिलं. मी विचारलं, तेवढ्यात पाणी आलं होतं का? नाही म्हणाले. मग का दिलं? तर म्हणाले, पडल्यावरही माणूस तहसीलच्या व्हरांड्यात आमच्यातच बसलेला दिसायचा.