दारू आणि एमडी, दोन्हींसाठी एकच 90 दिवसांचा उपचार योग्य आहे का?

घणसोलीची बहीण (प्रश्न)

माझे थोरले बंधू तुर्भ्याच्या एपीएमसी बाजारात माथाडी कामगार आहेत आणि अनेक वर्षांपासून रोज दारू पितात. पूर्वी ते काम आटोपल्यावर संध्याकाळीच पीत असत; आता मात्र सकाळी क्वार्टरमधला निम्मा भाग पोटात गेल्याशिवाय गोणीला हूक लावतानाही त्यांचा हात थरथरतो. त्यातच कळव्याला राहणारा माझा मावसभाऊ एमडी ही नशेची पावडर घेतो, हे नुकतेच मावशीच्या लक्षात आले. तो पंचविशीच्या आतला आहे. दोन-दोन रात्री जागा राहतो, इमारतीखाली कोणीतरी आपल्यावर पाळत ठेवून आहे असे म्हणतो आणि नंतर दिवसभर उठत नाही.

आम्ही एका खासगी व्यसनमुक्ती केंद्रात चौकशी केली, तेव्हा तेथील व्यवस्थापकांनी दोघांचीही एकत्रच नोंद करण्यास सांगितले. कोर्स 90 दिवसांचा, सुरुवातीची औषधे तीच, वेळापत्रक तेच आणि शुल्कही तेच. पदार्थ कोणताही असला तरी व्यसन हे व्यसनच असते, असे त्यांचे म्हणणे होते. मला हे पटत नाही, परंतु का पटत नाही हे नेमके सांगताही येत नाही. शेजारचे काका म्हणतात की एवढा खर्च करण्यापेक्षा दादांना घरीच कोंडून दारू बंद करा, चार दिवसांत सुतासारखे सरळ होतील. मावशीला तर रुग्णालयात नेले की पोलीस केस होईल अशी धास्ती आहे. दादा स्वतः उपचारांना तयार आहेत, म्हणूनच ही वेळ दवडू नये असे वाटते. पदार्थानुसार उपचार खरोखर वेगळे असतात का, आणि असल्यास दोघांसाठी सुरुवात कुठून करावी?

मानसोपचारतज्ज्ञ, नौपाडा

ताई, सर्वांत निकडीची गोष्ट आधी सांगतो. दादांची दारू घरी एकदम बंद करू नका आणि त्यांना कोंडून तर मुळीच ठेवू नका. दारू मेंदूला गुंगवते, म्हणून रोज पिणाऱ्याचा मेंदू तिच्याशी झुंजत स्वतःची उत्तेजना वाढवून ठेवतो. दारू अचानक थांबली की ती वाढीव उत्तेजना मोकाट सुटते. शेवटच्या घोटानंतर साधारणपणे 6 ते 24 तासांत थरथर, घाम, मळमळ आणि घालमेल सुरू होते, पहिल्या 48 तासांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काही रुग्णांना डेलिरियम ट्रेमेन्स होतो, ज्यात माणसाला दिवस-रात्रीचे भान राहत नाही, भिंतीवर नसलेले किडे दिसतात, ताप चढतो आणि नाडी धावू लागते. वेळीच उपचार न मिळाल्यास यात मृत्यू ओढवू शकतो. शेजारच्या काकांचे ते चार दिवस म्हणजे नेमके हेच दिवस आहेत.

रुग्णालयात हा काळ क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपामसारख्या गोळ्यांच्या आधाराने काढला जातो. सुरुवातीला पुरेसा डोस देऊन तो रोज उतरवत साधारण आठवडाभरात बंद करतात. यकृत बरेच खराब असल्यास त्याऐवजी लोराझेपाम निवडतात. याच्या जोडीला थायमिन, म्हणजे ब-1 जीवनसत्त्व, इंजेक्शनने द्यावे लागते. ही गोष्ट साधी वाटते, पण तिच्यासाठी मी नेहमी आग्रह धरतो. बरीच वर्षे पिणाऱ्या आणि धड न जेवणाऱ्या माणसाच्या शरीरात थायमिनचा साठा संपत आलेला असतो. अशा माणसाला अशक्तपणा आला म्हणून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेऊन ग्लुकोजचे सलाईन लावले, तर ती साखर वापरताना उरलासुरला साठाही खर्च होतो आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. चालताना तोल जाणे, डोळ्यांची हालचाल बिघडणे आणि गोंधळल्यासारखे बोलणे ही त्याची लक्षणे आहेत. घरच्यांना ती दारूची झिंगच वाटते आणि मोलाचे तास निघून जातात. म्हणून सलाईन लावण्याची वेळ आलीच, तर रुग्ण रोज दारू पितो हे डॉक्टरांना आधी सांगा आणि थायमिन दिले का, असे स्पष्ट विचारा.

आठवडाभराचा हा टप्पा म्हणजे केवळ सुरुवात आहे. पुन्हा पिणे टळावे म्हणून दारूसाठी नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट आणि डायसल्फिराम अशी औषधे उपलब्ध आहेत. यकृताच्या तपासण्या ठीक आल्या तर दादांच्या बाबतीत नाल्ट्रेक्सोनचा विचार प्रथम करता येईल, कारण त्याने पिण्याची ओढ आणि पिण्यातली मजा दोन्ही कमी होतात. डायसल्फिराम घेतलेल्या माणसाने दारू प्यायली तर त्याला उलट्या, धडधड आणि रक्तदाब घसरणे असा जोरदार त्रास होतो, म्हणून ते औषध त्याच्या पूर्ण माहितीनिशी आणि संमतीनेच द्यायचे असते. चहातून किंवा आमटीतून गुपचूप देण्याची कोणतीही पुडी घरात आणू नका. त्यातून जीव गेल्याशिवाय राहत नाही असे नव्हे, पण जाऊ शकतो.

मावसभावाची गोष्ट अगदी वेगळी आहे. एमडी म्हणजे मेफेड्रोन हा उत्तेजक पदार्थ आहे. तो थांबवल्यावर सहसा फिट येत नाही, त्यामुळे दादांच्या गोळ्या त्याला सरसकट देण्यात अर्थ नाही. उलट त्या गोळ्यांचीच सवय लागायची. त्याचा धोका मनाच्या बाजूने येतो. पदार्थ उतरला की प्रचंड झोप, भूक, ओढ आणि खोल उदासी येते, आणि त्या दिवसांत आत्महत्येचे विचारही येऊ शकतात. तो दिवसभर झोपतो म्हणजे आता शांत झाला, असे मावशींनी समजू नये. या काळात त्याला एकटे सोडू नये आणि जिवाचे काही बरेवाईट करण्याचे विचार येतात का, हे त्याला सरळ विचारावे. विचारल्याने ते विचार वाढत नाहीत. पाळत ठेवली जात असल्याचा संशय झोप पूर्ण झाल्यावरही टिकला, तर त्यासाठी काही काळ वेगळी औषधे द्यावी लागतात. एमडीची ओढ घालवणारी मान्यताप्राप्त गोळी मात्र आज उपलब्ध नाही, आणि जो तशी गोळी असल्याचे सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

दादांना वाशी-नेरुळ परिसरात जेथे मेडिसिन आणि मानसोपचार हे दोन्ही विभाग एकाच छताखाली आहेत अशा रुग्णालयात न्या. मावसभावासाठी कळव्याहून ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग सोयीचा आहे.

मुंब्र्याचा मोठा भाऊ

डॉक्टरांनी दारू आणि एमडीबद्दल लिहिले आहे. हा धागा वाचणाऱ्या इतर कुटुंबांसाठी ब्राउन शुगरबद्दल, म्हणजे गर्दबद्दल (भेसळयुक्त हेरॉइन), लिहितो, कारण व्यसन हे व्यसनच असते हे वाक्य आम्हालाही ऐकवले गेले होते आणि आम्ही ते खरे मानले.

माझा धाकटा भाऊ गर्द ओढायचा. टर्कीत, म्हणजे नशा न मिळाल्यावर होणाऱ्या त्रासात, त्याचे अंग मोडून यायचे, नाका-डोळ्यांतून पाणी वाहायचे, जुलाब व्हायचे; पाहवत नसे. मात्र ही टर्की स्वतःहून क्वचितच जीव घेते, खरा धोका त्यानंतर असतो, हे आम्हाला कोणीही सांगितले नव्हते. केंद्रातून तो चांगला धष्टपुष्ट होऊन परतला. काही महिने पदार्थ न मिळाल्याने त्याच्या शरीराची सहनशक्ती उतरली होती आणि एका संध्याकाळी त्याने पूर्वीच्याच मापाने घेतले. ओठ निळे पडले, श्वास मंदावला. रिक्षाने रुग्णालयात पोहोचलो आणि तेथे गर्दचा असर उलटवणारे नॅलोक्सोनचे इंजेक्शन मिळाले, म्हणून तो वाचला.

आता तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली ठेवून घेतो आणि पुन्हा कामाला जातो. एक नशा सोडवून दुसरी लावली, असे नातेवाईक म्हणतात. त्यांना मी एवढेच सांगतो की या गोळीने तो झिंगत नाही, टर्की लागत नाही, चोरी करत नाही आणि त्याचा श्वास चालू आहे. अफूच्या जातीच्या पदार्थांसाठी हा उपचार देशातील सरकारी केंद्रांतूनही दिला जातो. दारूच्या किंवा एमडीच्या रुग्णाला त्याचा काहीही उपयोग नाही, आणि गर्दच्या रुग्णाला त्याच्याशिवाय नुसते डांबून ठेवणे फार धोक्याचे आहे.

समुपदेशिका, वागळे इस्टेट

औषधांबाबत डॉक्टरांशी मी पूर्णपणे सहमत आहे, तरीही एक मतभेद नोंदवते. पदार्थ ओळखला म्हणजे माणूस ओळखला, असे होत नाही. त्याच पदार्थाकडे एकजण मित्रांच्या आग्रहाने वळतो, दुसरा उपचार न झालेल्या नैराश्यातून आणि तिसरा अंगदुखीमुळे. ताई, तुमचे दादा वर्षानुवर्षे पाठीवर गोण्या वाहत आले आहेत. त्यांची पाठ किंवा गुडघे दुखतात का, आणि दुखत असल्यास ते कोणत्या गोळ्या घेतात, हे कृपया पाहा. माथाडी वस्तीत काम करताना हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारते आणि अनेकदा त्यानंतरच खरे बोलणे सुरू होते.

समुपदेशनही पदार्थानुसार बदलते, हे मात्र खरे. दारूचे दुकान दादांच्या रोजच्या वाटेवर आहे, ते कायदेशीर आहे आणि पगाराच्या दिवशी सगळी टोळी तिकडेच वळते. म्हणून घरी परतण्याचा रस्ता, पगार कोणाच्या हाती द्यायचा आणि सोबत्यांना नकार कसा द्यायचा, यांचा प्रत्यक्ष सराव करावा लागतो. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बैठकांचा अशा वेळी अनेकांना मोठा आधार होतो. मावसभावाचा पुरवठा त्याच्या मोबाइलमध्ये आहे, त्यामुळे तेथे सुरुवात नंबर बदलण्यापासून आणि शनिवारच्या रात्रीचे नियोजन करण्यापासून होते. उत्तेजक पदार्थांसाठी सर्वांत चांगला पुरावा असलेली पद्धत म्हणजे तपासणी स्वच्छ आली की लगेच छोटे बक्षीस देणे, रिचार्ज असो वा जिमची फी. येथे एक अडचण ठाऊक असावी: लघवीच्या नेहमीच्या चाचणीपट्ट्यांवर मेफेड्रोन अनेकदा दिसतच नाही, तेव्हा कोणती चाचणी होणार आहे हे केंद्राला आधी विचारा.

पोलिसांच्या भीतीविषयी मावशींना सांगा की डॉक्टरांनी रुग्णाची माहिती गोपनीय ठेवायची असते. शिवाय स्वेच्छेने सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेत उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला सेवनाच्या आणि अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यांत खटल्यापासून संरक्षण देणारे कलम 64-अ एनडीपीएस कायद्यातच, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यातच, आहे. उपचार पूर्ण करणे ही त्याची अट आहे. केंद्र निवडताना ते 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली नोंदलेले आहे का, आणि रात्री फिट आली तर तेथे कोण असते, हे विचारा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर गुळमुळीत मिळाले, तर दादांना तेथे ठेवू नका. केंद्र सरकारची 14446 ही मोफत हेल्पलाइनही आहे.

घणसोलीची बहीण

आपणा सर्वांचे मनापासून आभार. समुपदेशिका ताईंचे वाचून मी वहिनीला विचारले. दादा पाठदुखीसाठी ट्रामाडॉलच्या कॅप्सूल घेतात, त्याही रोज, आणि पूर्वीपेक्षा जास्त. वहिनीला ती साधी वेदनाशामक वाटत होती. केंद्रात कोणी हे विचारले नव्हते, म्हणून आम्हीही सांगितले नाही. याने काही फरक पडतो का?

मानसोपचारतज्ज्ञ, नौपाडा

मोठा फरक पडतो, आणि समुपदेशिका ताईंनी विचारले नसते तर माझाच सल्ला दादांना भोवला असता. ट्रामाडॉल हे अफूच्या जातीचे औषध आहे. 2018 पासून ते एनडीपीएस कायद्याखाली येते. वर मी नाल्ट्रेक्सोन सुचवले होते, ते आता सुरुवातीला देता येणार नाही. नाल्ट्रेक्सोन मेंदूतील अफूजन्य औषधांची जागा अडवते, त्यामुळे रोज ट्रामाडॉल घेणाऱ्याला ते दिले तर मुंब्र्याच्या बंधूंनी वर्णन केलेली टर्की काही मिनिटांत जोराने सुरू होते. अशा औषधांपासून किमान 7 ते 10 दिवस पूर्ण दूर राहिल्याशिवाय ते सुरू करता येत नाही. त्याऐवजी अकॅम्प्रोसेटचा विचार करता येईल. त्यासाठी मूत्रपिंडाची तपासणी, म्हणजे क्रिएटिनिन, आधी पाहावी लागेल.

दुसरे म्हणजे ट्रामाडॉलमुळे स्वतंत्रपणे फिट येऊ शकते. दारू थांबल्याने येणारी फिट आणि ही, असे दोन धोके एकत्र आले आहेत, त्यामुळे दादांना घरी किंवा डॉक्टर नसलेल्या केंद्रात ठेवण्याचा पर्याय आता उरला नाही. भरती रुग्णालयातच हवी. कॅप्सूलही आज रात्रीपासून एकदम बंद करू नका. डोस डॉक्टर ठरवून उतरवतील, आणि पाठीसाठी अस्थिरोगतज्ज्ञ व फिजिओथेरपी यांची व्यवस्था भरतीतच करून घ्या, नाहीतर दुखणे त्यांना पुन्हा त्याच दुकानात नेईल.

जाताना रिकाम्या झालेल्या पट्ट्यांसह सर्व औषधे एका पिशवीत घालून न्या, शेवटची दारू आणि शेवटची कॅप्सूल कधी घेतली याची वेळ कागदावर लिहून ठेवा, आणि यापूर्वी कधी फिट आली होती का हे वहिनींना विचारून घ्या. मावसभावाबाबतही पिशवी तपासायला मावशींना सांगा: एमडी उतरवून झोप यावी म्हणून बरीच मुले अल्प्राझोलाम किंवा नायट्राझेपामच्या गोळ्या घेतात, आणि तसे असेल तर त्याच्या गोळ्याही एकदम न थांबवता हळूहळू उतरवाव्या लागतील.