मदत हवी आहे: जर्मन वाचन घरच्या घरी कसं सुधारावं?

नमस्कार राजेहो, मी नागपूरची. नोकरी सांभाळून रोज रात्री तासभर जर्मन शिकते, क्लास नाही. आता बी१ म्हणजे मधल्या पातळीची परीक्षा द्यायची आहे. गोएथे इन्स्टिट्यूट या जर्मन संस्थेच्या त्या परीक्षेत वाचनाला ६५ मिनिटं मिळतात आणि मी एका परिच्छेदावरच अडून बसते.

तीन लिंगं मराठीतही आहेत, त्यांची भीती वाटत नाही. अडतं ते तुटणाऱ्या क्रियापदांशी. 'ह्योरेन' म्हणजे ऐकणं, पण 'आउफह्योरेन' म्हणजे थांबणं, आणि वाक्यात तो 'आउफ' पार टोकाला! तिथे पोचेपर्यंत मी 'तो ऐकतो' असा अर्थ लावून मोकळी झालेली असते. शिवाय 'गेहेन'चं 'गिंग' अशी भूतकाळाची रूपं गोष्टींत पानोपानी भेटतात.

डॉइच वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या सावकाश वाचलेल्या बातम्या मजकूर समोर ठेवून ऐकते, त्याचा खरंच उपयोग होतोय.

प्रत्येक अडलेला शब्द लगेच कोशात बघावा, की आधी अख्खा उतारा वाचून काढावा? स्वतः शिकून बी१ पास झालेल्यांनी रोज काय नि किती वाचलं, ते कृपया सांगा. नागपुरात रविवारी सोबत बसून वाचायला कुणी तयार असेल तर फारच बरं होईल.