एका दिवसात पेस्ट्री, बर्गर, आइस्क्रीम: आधी काय?

भुक्कड: रविवारी आम्ही चौघं दिवसभर नुसतं खात फिरणार आहोत, पण दुपारीच पोट गच्च होऊन बाकीचं राहायला नको, तर क्रम काय ठेवू?

लोणीसाखर: पेस्ट्रीत क्रोसाँ, म्हणजे लोण्याच्या पदरांची ती चंद्रकोरीसारखी पेस्ट्री, सकाळीच, ओव्हनमधून आल्या आल्या. लोण्या-पिठातल्या पाण्याची वाफ होऊन पदर सुटतात ना, ते दुपारपर्यंत सादळतात, मग चावताना तो कुर्रर्र आवाजच येत नाही, मजा गेली.

भुक्कड: आणि बर्गर?

चवचाल: एकच घ्या, चौघांत कापा. फ्राइज, कोल्ड्रिंक अजिबात नको, पोट तिथेच भरतं!! गारेगार खाऊन जीभ बधिर होते म्हणून आइस्क्रीम शेवटी. जेलाटो, म्हणजे इटालियन आइस्क्रीम, मिळाला तर सोडू नका, त्यात हवा कमी आणि तो जरा कमी गार देतात, चव पटकन कळते. पिस्ता जेलाटो भडक हिरवा दिसला तर बहुतेक रंग घातलेला, मी तरी पुढे सटकतो.