डोलकाठीला आतला स्टे (आधाराची तार वा दोर) : वरचे टोक कोठे जोडावे? मदत हवी आहे

नमस्कार. माझी २६ फुटी फायबरग्लासची शिडाची बोट बेलापूरच्या खाडीत असते. डोलकाठी अ‍ॅल्युमिनियमची, स्प्रेडरची (बाजूच्या तारा डोलकाठीपासून दूर धरणाऱ्या आडव्या दांड्यांची) एकच जोडी, फोरस्टे (डोलकाठीला पुढून धरणारा स्टे) थेट माथ्यापर्यंत आणि त्यावर गुंडाळता येणारा जेनोआ (पुढचे मोठे शीड). गेल्या मे महिन्यात मांडव्याहून परतताना वारा एकाएकी वाढला, तेव्हा जेनोआ अर्ध्याहून अधिक गुंडाळला. परंतु उरलेल्या शिडाला पोट सुटले, बोट वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला चढेना, आणि घारापुरीच्या आडोशाला येईपर्यंत सोबतच्या मुलीने माझा हात सोडला नाही. पुन्हा तशी वेळ येऊ नये, म्हणून फोरस्टेच्या मागे, त्याला समांतर असा काढता-घालता येणारा स्टे बसवून त्यावर लहान वादळी जिब (जोरदार वाऱ्यासाठीचे पुढचे शीड) लावण्याचे मी ठरवले आहे.

अडचण वरच्या टोकाची आहे. ते स्प्रेडरजवळ जोडले, तर तेथेच बांधलेल्या खालच्या श्राउडांपैकी (डोलकाठीला बाजूंनी धरणाऱ्या तारांपैकी) मागची जोडी डोलकाठीला मागे ओढून धरील. मात्र शीड बुटके होईल. स्प्रेडर आणि माथा यांच्या मधोमध जोडले, तर मागून आधार नसल्याने डोलकाठी पुढे वाकेल, लाटेगणिक हिंदकळेल, आणि दोन्ही बाजूंना रनिंग बॅकस्टे (डोलकाठीला मागे ओढणारे, सोडता-ताणता येणारे स्टे) लावून दर वळणाला ते बदलावे लागतील, जे आम्हा दोघांना झेपणारे नाही. माथ्यालगत जोडल्यास रनिंग बॅकस्टे लागणार नाहीत, पण खालचे टोक फोरस्टेला खेटून येईल आणि शिडाचा जोर डोलकाठीजवळ आणण्याचा मूळ हेतूच बाजूला राहील. माझा कल स्प्रेडरकडे आहे. मागच्या ५ मिमी श्राउडांना आणि त्यांच्या डेकवरील पट्ट्यांना हा जादा ताण सोसेल का, हे कोणी प्रत्यक्ष अनुभवावरून सांगू शकेल काय?

दुसरा प्रश्न डेकचा, म्हणजे स्टेचे खालचे टोक तेथे कसे जोडावे याचा. येथील फॅब्रिकेटर म्हणतात की डेकखाली पट्टी ठेवून चार बोल्ट कसले की पुरे. मला ते अजिबात पटत नाही. माझ्या डेकच्या पोटात बाल्सा लाकूड आहे. वरच्या ओढीने डेक उचलला जाईल, बोल्टांभोवती पाणी शिरेल आणि लाकूड कुजेल. भोके रुंद करून इपॉक्सीने भरणे आणि डेकखालून स्टीलची सळई नाळेच्या (बोटीच्या पुढच्या टोकाच्या) आतील भक्कम भागापर्यंत नेणे मला योग्य वाटते. सळईचे खालचे टोक आपण कसे बांधले, त्याची छायाचित्रे मिळाल्यास फार उपकार होतील.

स्टेसाठी तारेऐवजी डायनीमा (अतिशय मजबूत कृत्रिम धाग्याचा) दोर घ्यावा, असे वाटते. तो हलका असून बाजूला बांधून ठेवला तरी डोलकाठीला ओरखडे पडत नाहीत. पावसाळ्यापूर्वी डोलकाठी उतरवणार आहे, आणि भोके त्यानंतरच पाडायची आहेत.