इंग्रजी ईडियम्स पाठ होतात, पण पेपरात गोंधळ उडतो. काय करावं?

हर्णैचा_पोरगा
नमस्कार मंडळी. एसएससीची, म्हणजे स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या परीक्षेची, तयारी करतोय. ग्रामर जमतं, उतारे जमतात, फक्त ईडियम्स-फ्रेजेसपाशी घोडं अडतं. गाइडमधली यादी रात्री घोकली की सकाळी याचा अर्थ त्याला चिकटलेला. 'टेकन अबॅक', 'बाय अँड लार्ज', 'हाय अँड ड्राय', 'इन द ऑफिंग', 'टू द बिटर एंड'... शब्दांचा अर्थाशी काही मेळच लागत नाही, मग लक्षात राहणार कसं? सध्या पावसाळी मासेमारी बंदी आहे, बोट आंजर्ल्याच्या खाडीत उभी आहे. बाबांबरोबर जाळी शिवायची, एवढंच काम. 31 जुलैपर्यंत वेळच वेळ आहे. पाठांतराशिवाय काही मार्ग असेल तर सांगा.

रोज_एक_पान
रोज थोडेच घे आणि प्रत्येकाचं स्वतःचं वाक्य कर. गाइडमधलं वाक्य उतरवू नकोस. मला त्यानेच फरक पडला.

सारंग_जयगड
बाळा, तू लिहिलेले पाचही वाक्प्रचार जहाजावरचे आहेत, आणि तू बोटवाल्याच्या घरातला. हे तुला घोकावं लागू नये. मी मालवाहू जहाजांवर खलाशी म्हणून चढलो आणि सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, होऊन उतरलो. त्या जोरावर सांगतो.

आधी बिटर एंड, कारण ते मी रोज हाताळलंय. नांगर टाकताना सारंग नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाला, विंडलासच्या (नांगराची साखळी ओढायच्या यंत्राच्या) ब्रेकपाशी उभा असतो. ब्रेक सैल केला की साखळी कानठळ्या बसवत सुटते, गंजाची लाल धूळ नाकातोंडात जाते. लांबी शॅकलमध्ये मोजायची, एक शॅकल म्हणजे 27.5 मीटर. जोडाजवळच्या कड्या पांढऱ्या रंगवलेल्या असतात. त्या बघून किती शॅकल गेले ते ब्रिजला, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीला, कळवायचं. या साखळीचं शेवटचं टोक खाली चेन लॉकरमध्ये, म्हणजे साखळी ठेवायच्या कप्प्यात, जहाजालाच अडकवलेलं असतं. त्या टोकाला आजही बिटर एंड म्हणतात. पूर्वी नांगराचा दोर डेकवरच्या ज्या खुंटांना बांधत ते बिट्स, त्यावरून हे नाव. चवीचा काही संबंध नाही. साखळी तिथवर गेली की पुढे सोडायला काही उरत नाही. म्हणून 'टू द बिटर एंड' म्हणजे कितीही हाल झाले तरी अगदी अखेरपर्यंत.

टेकन अबॅक: शिडाचं जहाज वाऱ्यावर चाललंय आणि वारा एकाएकी फिरून शिडाच्या पुढच्या अंगाला लागला, तर शीड मागे डोलकाठीवर आपटतं आणि जहाज जागीच थबकतं. माणूस अवाक् होतो तो असा.

बाय अँड लार्ज: वारा समोरून तिरका घेऊन चालणं ते 'बाय', मागून घेऊन चालणं ते 'लार्ज'. दोन्हीत चालतं म्हणजे एकंदरीत, बहुतेक सगळ्या परिस्थितीत.

इन द ऑफिंग: किनाऱ्यावरून दिसणारा लांबचा समुद्र म्हणजे ऑफिंग. तिथे गलबत दिसलं की ते आता येणार. म्हणून लवकरच घडणार असलेली गोष्ट.

हाय अँड ड्राय तर तू लहानपणापासून बघतोयस. ओहोटीला खाडीतलं पाणी उतरतं आणि होडी चिखलात बसते. भरती येईपर्यंत नाखवा काय करणार? 'लेफ्ट हाय अँड ड्राय' म्हणजे मदतीशिवाय अडकवून सोडलेला. शब्द ऐकून सुरक्षित ठिकाणी आहे असं वाटतं, अर्थ बरोबर उलटा.

आणखी दोन देतो. 'गिव्ह अ वाइड बर्थ': नांगरावरचं जहाज वाऱ्या-भरतीबरोबर गोल फिरतं, त्याला लागणारी मोकळी जागा म्हणजे बर्थ. ती सोडून जा, म्हणजे चार हात लांब राहा. 'थ्री शीट्स टू द विंड' म्हणजे दारूत झिंगलेला. इथे शीट म्हणजे शीड आवरायचा दोर, कापड नव्हे.

बाबांना विचार, वारा फिरला की काय होतं. ते मराठीत सांगतील, तू इंग्रजी शब्द शेजारी लिही.

मास्तरीण_गुहागर
काकांनी फार छान समजावलं. एक भर घालते, कारण दरवर्षी मुलं इथेच अडतात. प्रत्येक वाक्प्रचाराची गोष्ट सापडतेच असं नाही, आणि नेटवर सापडलेली प्रत्येक गोष्ट खरी नसते. 'रेड हेरिंग' घ्या. हेरिंग हा आपल्या तारलीच्या नात्यातला मासा. खारवून, धुरी देऊन तो तांबूस होतो. शिकारी कुत्र्यांना त्याच्या वासावर शिकवत, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. पण दिशाभूल हा अर्थ रूढ व्हायला 1807 मध्ये विल्यम कॉबेट या इंग्रज पत्रकाराने लिहिलेली गोष्ट कारण झाली, असं अभ्यासक मानतात. गोष्ट लक्षात ठेवायला वापर, अर्थ मात्र चांगल्या शब्दकोशातच तपास.

दुसरं, शब्द बदलायचे नाहीत. 'स्पिल द बीन्स'मधल्या बीन्सच्या जागी दुसरं कडधान्य चालत नाही. काळ मात्र बदलतो: 'मेक एंड्स मीट'चं भूतकाळात 'मेड एंड्स मीट'. वाक्य दुरुस्तीच्या प्रश्नात हे कामी येतं.

हर्णैचा_पोरगा
काका, ताई, मनापासून आभार. बाबांना वाऱ्याचं विचारलं तर ते तासभर बोलत बसले, वही भरली. माझा चुलतभाऊ जीपी रेटिंगच्या, म्हणजे जहाजावर खलाशी व्हायच्या, कोर्सला चाललाय. त्यालाही हे पाठवू का?

सारंग_जयगड
जरूर पाठव, पण त्याला एक बजावून सांग. ही भाषा मेसमध्ये गप्पा मारताना आणि ऑफिसरचं बोलणं समजायला. व्हीएचएफ रेडिओवर किंवा सुकाणूवर असताना एकही वाक्प्रचार तोंडातून काढायचा नाही. समोरचा फिलिपिनो असेल, युक्रेनियन असेल, त्याला काय कळणार? त्यासाठी आयएमओने, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने, 2001 मध्ये ठरावीक वाक्यांचा संच मंजूर केलाय, एसएमसीपी म्हणतात त्याला. त्यात 'मे', 'माइट', 'शुड', 'कुड' हे शब्दसुद्धा टाळायला सांगितलंय, कारण त्यातून परवानगी, सल्ला की शक्यता ते कळत नाही. जहाजाची दिशा (तिलाही कोर्सच म्हणतात) 150 अंश असेल तर 'वन फाइव्ह झीरो', एकेक आकडा सुटा. ती वाक्यं मात्र त्याने कोर्सला जायच्या आधीच मोठ्याने म्हणून घोकावीत. तिथे पाठांतराला पर्याय नाही.