मदत हवी आहे: जीपच्या पुढच्या एक्सलमध्ये पाणी शिरलंय

मंडळी, मी खानापूरचा. जुनी फोर बाय फोर जीप आहे, कामं घरच्या अंगणातच करतो. गेल्या रविवारी कणकुंबीकडून येताना ओढ्यात चाकाच्या हबवर पाणी आलं. काल पुढच्या डिफरन्शियलचा (एक्सलच्या मधल्या गिअरच्या डब्याचा) तेल काढायचा ड्रेन बोल्ट सोडला तर तेल अगदी दुधाच्या चहासारखं! बोटांत चोळून बघितलं, लोखंडाचा कीस लागला नाही, तेवढाच जीवाला धीर.

तापलेला एक्सल गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, म्हणजे एक्सलवरच्या हवा जायच्या-यायच्या छोट्या तोंडातून, पाणी ओढते. म्हणून ब्रीदरला नळी जोडून बॉनेटखाली उंच नेणार आहे. पेट्रोलची रबरी नळी चालेल का? नवं ऑइल घालून, थोडं फिरवून परत काढू, की तेल आत आणि पाणी बाहेर ठेवणारे एक्सलचे सीलही आत्ताच बदलू? बेळगावात चांगले सील कुठं मिळतील तेही सांगा की. पावसात शेतावर जायला हीच गाडी आहे.